एक वाजून वीस मिनिटांचा मासा

१

पत्र सोमवारी सकाळी आलं. ऋतानं ते फोनवर तीनदा वाचलं, मग तळघरातल्या आपल्या खोलीतून वर येऊन वसुधाकाकूंच्या प्रिंटरवर छापलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. शेगडीवरचा चहा उकळून काळा झाला तरी दोघींपैकी कुणी तिकडे पाहिलं नाही.

विद्यापीठाचं पत्र अतिशय सभ्य होतं. तुमच्या संशोधनात वापरलेलं एक छायाचित्र तुम्ही काढलेलं नाही, दुसऱ्याचं छायाचित्र तुम्ही स्वतःची नोंद म्हणून सादर केलं आहे, अशी तक्रार आमच्याकडे आली आहे. शुक्रवारी दुपारी दोन वाजता चौकशी समितीपुढे यावं. सोबत तक्रारीची प्रत आणि पुरावे. तक्रारदार: गिरीश सबनीस, बेलव्ह्यू.

वसुधाकाकूंनी नाव दोनदा वाचलं. गिरीश सबनीस हे त्यांच्या दिवंगत नवऱ्याचे, अनिलचे, तीस वर्षांचे मित्र. इथल्या महाराष्ट्र मंडळाचे माजी अध्यक्ष, डाइव्हिंग क्लबचे संस्थापक. ऋता नागपूरहून पीएचडीसाठी इथे, अमेरिकेत, आली तेव्हा तिला काकूंच्या तळघरात जागा मिळवून देणारेही तेच.

"हा मासा तुझाच ना?" काकूंनी विचारलं.

"माझाच, काकू."

एवढंच विचारून काकूंनी चहाचं भांडं बेसिनमध्ये ओतलं आणि नवीन आधण ठेवलं. ऋतावर त्यांचा विश्वास होता. पण विश्वासाला समितीपुढे काही वजन नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी काउंटीच्या पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काढली होती. तिथे बाटलीवर तारीख आणि वेळ नसेल, तर आतलं पाणी कितीही स्वच्छ असो, ते ओतून द्यावं लागे.

फोटोतला मासा खेळातल्या फाशाएवढा होता. आकारही तसाच चौकोनी, रंग पिवळाजर्द आणि त्यावर काळे ठिपके. जपानच्या इझू द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर हे उष्ण समुद्रातले मासे उन्हाळ्यात गरम प्रवाहाबरोबर पिल्लं म्हणून वाहत येतात, खडकांच्या कपारींत वाढतात आणि हिवाळ्यात पाणी गार झालं की मरून जातात. दर वर्षी येतात आणि दर वर्षी मरतात. ऋतानं दोन वर्षं तिथल्या पाच डाइव्हिंगच्या जागांवर पाण्याखाली तापमापक बांधून ठेवले होते. तिचं म्हणणं होतं, की समुद्र आता इतका कोमट झालाय की एखादा मासा हिवाळा काढत असणार. मार्चच्या पहिल्या आठवड्यात कुमोझाकी नावाच्या लहानशा खाडीत, खडकाच्या कपारीत, तिला तो दिसला. जिवंत. तिच्या सगळ्या प्रबंधाचा जीव त्या एका चित्रात होता.

आणि तेच चित्र एप्रिलमध्ये पाण्याखालच्या छायाचित्रांच्या स्पर्धेत पहिलं आलं होतं. गिरीश सबनीस यांच्या नावावर.

ऋतानं तेव्हा आरडाओरडा केला नव्हता. काकांचा घोटाळा झाला असेल, असं समजून तिनं त्यांना एक अदबशीर मेसेज पाठवला. उत्तर आलं नाही. मग मे महिन्यात विद्यापीठातल्या तिच्या पोस्टरवर कुणीतरी तोच फोटो ओळखला, आणि उत्तर आलं ते हे असं, समितीच्या पत्रातून.

"तुझी मूळ फाइल?"

ऋतानं नकारार्थी मान हलवली. जपानला लॅपटॉप नेला नव्हता. परतल्यावर सगळ्यांची मेमरी कार्डं गिरीशकाकांनी एका स्टीलच्या डबीत गोळा केली, एकत्र अल्बम करायला. तिचं कार्ड त्यांनी आठवड्यानं परत दिलं, रिकामं. 'स्वच्छ करून दिलंय, आता बिनधास्त वापर,' असं म्हणून. तिनं वापरलं. तिच्याकडे उरला तो अल्बममधून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो, ज्याची तारीख, वेळ, सगळं वाटेतच पुसलं गेलं होतं.

समितीनं दोष धरला तर विद्यापीठ जाणार, विद्यापीठाबरोबर व्हिसा जाणार.  ऋतानं पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

काकूंनी पुरावे वाचायला घेतले. गिरीशनी मूळ फाइल दिली होती, त्या दिवशीच्या आपल्या सर्व दोनशे बारा फोटोंच्या फोल्डरसकट. फाइलवर सहा मार्च, दुपारी एक वाजून वीस मिनिटं. आणि त्यांच्या निवेदनात लिहिलं होतं: 'दुपारी १:२० ला, पाण्याखाली असताना, मी हा फोटो घेतला. मनगटावरची वेळ पाहिल्याचं मला स्पष्ट आठवतं.'

ऋताच्या हातात काही नव्हतं. गिरीशच्या हातात वेळ होती.

२

इझूला चौघं गेले होते: गिरीश, दातांचे डॉक्टर संजीव, सावनी आणि ऋता. काकूंनी पहिल्यांदा सावनीला गाठलं, कारण अल्बम तिनं जमवला होता. मनातून त्यांना अजून आशा होती की घोटाळा फोल्डरांचा असेल. तीस वर्षं घरी जेवायला येणाऱ्या माणसाबद्दल दुसरं काही मानायला मन धजत नव्हतं.

सावनी एका टेक कंपनीत डिझायनर होती. ऑफिसच्या खालच्या कॅफेत ती सॅलड खाता खाता बोलत होती, आणि बोलता बोलता तिचं खाणं थांबलं. मार्चच्या मध्यावर, परतल्यानंतरच्या शनिवारी, संजीवकडे सगळे जमले होते. पावभाजी होती. सावनीनं सगळ्यांसमोर एकेक कार्ड लॅपटॉपला लावलं आणि प्रत्येकाच्या नावाचा फोल्डर करून गिरीशकाकांच्या मोठ्या डिस्कवर टाकलं. घोटाळा होणं शक्य नाही, असं ती शपथेवर सांगायला तयार होती.

"तू कुठल्या फोटोची वेळ बदललीस?"

"नाही हो काकू. मी फक्त कॉपी केलं. वेळेवरून आठवलं, ऋताचे सगळे फोटो रात्रीचे दिसत होते. मी तिला चिडवलंसुद्धा, की बाई, तू काय भुतांबरोबर डाइव्ह करतेस का. बाकी तिघांचे बरोबर दिवसाचे होते."

काकूंनी ते आपल्या वहीत टिपलं. कारण त्यांना माहीत होतं, त्यांच्यामुळेच ते तसं होतं. 'मोजायचं यंत्र एकदा लावलं की त्याचं घड्याळ हलवायचं नाही, हिशोब कागदावर करायचा,' हे त्यांनीच ऋताला शिकवलं होतं. ऋताचा कॅमेरा जानेवारीत इथे लावलेल्या बेलव्ह्यूच्या वेळेवर राहिला होता. तिथली दुपार तो आदल्या रात्रीची म्हणून लिहीत होता.

कॅमेऱ्याच्या क्रमांकावरून काही कळेल का, हेही काकूंनी विचारलं. उपयोग नव्हता. गिरीशकाकांच्या सल्ल्यानं अर्ध्या क्लबनं एकच मॉडेल घेतलं होतं, आणि ते मॉडेल फाइलमध्ये क्रमांक लिहीत नव्हतं.

"डिस्क आणि कार्डांची डबी मग कुणाकडे गेली?"

"गिरीशकाकांकडे. त्याच दिवशी. मी म्हटलं होतं, अल्बममध्ये फोटोखाली नावं टाकू या. तर काका म्हणाले, आपल्यात कसलं आलंय तुझं-माझं." सावनीनं काटा खाली ठेवला. "ऋताचा फोल्डर आता डिस्कवर नाहीये म्हणे. जागा करायला डिलीट केला. काकू, मी बोलेन समितीपुढे. पण माझ्याकडे दाखवायला काही नाही."

"सहा मार्चचे तुझ्या फोनमधले फोटो आहेत?"

"ते आहेत. पण ते सगळे खाण्याचे आहेत."

"पाठव," काकू म्हणाल्या.

३

संजीवला भेटताना काकूंना राग आवरावा लागला. तो ऋताचा बडी होता. पाण्यात उतरताना प्रत्येकाला एक जोडीदार असतो, त्याला बडी म्हणतात. एकानं दुसऱ्याच्या नजरेआड व्हायचं नाही, हवा संपली तर आपली द्यायची, असा तो करार असतो. ऋतानं फोटो काढताना कुणी पाहिलं असेल, तर ते संजीवनं.

संजीवनं क्लिनिकच्या मागच्या खोलीत त्यांना बसवलं, कॉफी दिली, आणि आपल्याला नक्की आठवत नाही असं सांगितलं. पाणी पंधरा डिग्री होतं, मास्कमध्ये थेंब शिरत होता, वाकडेतिकडे खडक, सगळीकडे शेवाळाचं रान. गिरीशसुद्धा आसपासच होता.

"ऋता कपारीपाशी थांबली होती?"

"थांबली असेल. ती कुठेही थांबते. एका खडकापाशी दहा दहा मिनिटं." तो ओशाळून हसला. "वसुधाताई, यात मी पडत नाही. दोघंही आपलीच माणसं. आपसात मिटवून टाकावं, असं मला वाटतं. समितीबिमिती कशाला?"

समिती ऋतानं बोलावली नव्हती. काकूंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याऐवजी त्यांनी विचारलं, की जपानच्या आठवणी म्हणून काय काय आणलं. आणि संजीवचा चेहरा उजळला. त्यानं खणातून एक वही काढली.

तिकडची पद्धत त्याला फार आवडली होती. डाइव्ह संपली की कपडे बदलून सगळे खाडीवरच्या खोपटात बसतात, गरम चहा येतो आणि गाइडसकट प्रत्येक जण आपापली नोंदवही भरतो. किती खोल गेलो, काय दिसलं, पाणी किती गार. पाण्यात शिरल्याची आणि बाहेर आल्याची वेळ गाइड स्वतः लिहिते आणि वर त्या जागेचा शिक्का मारते. संजीवला शिक्क्यांचाच नाद लागला होता. एका जागेचा शिक्का म्हणजे पाइनचं झाड आणि मागे फुजी, एकीचा वळलेला खडक, एकीचा शिंगवाला शंख. पान उलटता उलटता तो प्रत्येक जागेबद्दल सांगत होता: कुठे समुद्रात उतरायला सिमेंटच्या पायऱ्या आणि दोर, कुठे गोट्यांवरून टाचा मोडत जावं लागतं, कुठे बाहेर आल्यावर गरम पाण्याचं पिंप तयार असतं.

सहा मार्चचं पान आलं. कुमोझाकीचा शिक्का, दोन टेकड्यांमधली बोट. गाइड मिचिकोबाईंच्या टोकदार अक्षरात दोन ओळी. पहिली डाइव्ह, १०:१२ ते १०:५५. दुसरी डाइव्ह, १४:०५ ते १४:४८. खाली बडीची सही: ऋता.

"मधल्या वेळात कुणी पाण्यात गेलं होतं?"

"छे. सगळे जेवत होतो. मिचिकोबाईसुद्धा. त्या कुणाला एकटं पाण्यात जाऊच देत नाहीत."

काकूंनी वही दोन दिवसांसाठी मागून घेतली. गाडीत बसल्यावर सावनीचे फोटो उघडले. सहा मार्च, दुपारी १:१८. गिरीश सबनीस, कोरड्या स्वेटरमध्ये, काड्यांनी स्क्विडचा, म्हणजे माकुळाचा, तुकडा उचलायचा प्रयत्न करताहेत आणि तुकडा लोंबतोय. त्यांच्यामागे भिंतीवर चौघांचे डाइव्हिंगचे सूट निथळताहेत. चौघांचे, एका रांगेत.

एक वाजून वीस मिनिटांनी गिरीश पाण्यात नव्हते. पण ऋताही नव्हती. कुणीच नव्हतं. ज्या वेळी समुद्रात एकही माणूस नव्हता, त्या वेळी तो मासा कुणी टिपला होता?

४

बुधवारची रात्र आणि गुरुवारची सकाळ काकूंनी त्या एका प्रश्नात घालवली. हा पुरावा समितीपुढे ठेवला तर गिरीश खोटे ठरतील, पण ऋता खरी ठरणार नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलं असेल, असं ते सहज म्हणतील. काकूंनी त्यांच्या दोनशे बारा फोटोंची यादी काढली आणि सकाळच्या डाइव्हपासून एकेक वेळ गाइडच्या नोंदीशी ताडून पाहिली. दोनशे अकरा फोटो बरोबर बसत होते. एकच बसत नव्हता. ऋताच्या नोंदवहीत मासा दिसल्याची वेळ दोन वीस होती; तिच्या एकटीच्या अक्षराला समिती मानणार नव्हती, पण फाइलवरची वेळ त्याच्या नेमकी एक तास आधीची होती. पाऊण तास नाही, सव्वा तास नाही. नेमका एक तास.

चुकून झालेली चूक इतकी नीटनेटकी नसते, हे त्यांना प्रयोगशाळेनं शिकवलं होतं. नेमका आकडा दिसला की त्यामागे हिशोब शोधायचा.

गुरुवारी अकरा वाजता त्या दूध आणायला निघाल्या. गाडीतल्या घड्याळात दहा वाजले होते. इथे दर वर्षी मार्चमध्ये सगळी घड्याळं उन्हाळ्यासाठी तासभर पुढे करतात, तेव्हा ते घड्याळ अनिल पुढे करायचा, कारण त्याची बटणं फक्त त्यालाच कळायची. तो गेल्यापासून ते उन्हाळाभर तासभर मागे असे, आणि काकू त्यात एक मिळवून वाचत.

त्यांनी गाडी सुरू केली नाही. पिशवीतून वही काढली, स्टीअरिंगवर ठेवली आणि दोन बेरजा केल्या. मग परत घरात गेल्या आणि तळघराच्या जिन्यावरून ऋताला हाक मारली.

"तुम्ही परतलात तो रविवार कुठला? घड्याळं पुढे करायचा?"

"हो. विमानातून उतरल्यावर मला वाटलं माझा एक तास चोरीला गेला." ऋता जिन्यातच थांबली. "का?"

"चोरीलाच गेला होता," काकू म्हणाल्या. "सापडला."

५

गिरीश सबनीसांच्या घरातून लेक वॉशिंग्टन दिसतो. दिवाणखान्यात तो फोटो फ्रेम करून लावला होता, खाली स्पर्धेची पट्टी. काकू त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसल्या. गिरीशनी स्वतः चहा केला, वहिनी वहिनी करत अनिलची आठवण काढली, आणि ऋताचं नाव निघताच उसासा टाकला. पोरीचं वाईट वाटतं, पण तत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणाले.

"भाऊजी, एक वीसला तुम्ही स्क्विड खात होतात," काकू म्हणाल्या आणि फोन पुढे केला.

गिरीशनी चष्मा लावला, काढला. मग अपेक्षित तेच म्हणाले: कॅमेऱ्याचं घड्याळ तासभर मागे पडलं असेल.

"एकाच फोटोपुरतं? उरलेले दोनशे अकरा अगदी बरोबर आहेत. तुम्हीच दिलीत ती यादी." काकूंचा आवाज कधीच चढत नसे, आताही चढला नाही. "मी सांगते काय झालं ते. हा फोटो दुपारी दोन वीसला निघाला, सगळे पाण्यात असताना. ज्या कॅमेऱ्यानं निघाला तो बेलव्ह्यूच्या वेळेवर होता, म्हणून त्यानं लिहिलं पाच मार्च, रात्रीचे नऊ वीस. असा कॅमेरा चौघांत एकच होता. सावनीनं सगळ्यांसमोर त्याची थट्टा केली होती. तुमच्या फोल्डरमध्ये रात्रीचा फोटो शोभला नसता, म्हणून तुम्ही वेळ बदललीत. इथून जपान किती तास पुढे, ते पाहिलंत. सोळा. नऊ वीसमध्ये सोळा मिळवले, दुपारचे एक वीस आले. छान, जेवणाच्या सुमाराची वेळ, कोण विचारतंय?"

गिरीशनी फोन काकूंकडे परत सरकवला.

"सोळा तास हा फरक आत्ताचा आहे. आपण घड्याळं पुढे केल्यानंतरचा. जपानात घड्याळं कुणी हलवत नाही. सहा मार्चला हा फरक सतरा होता. म्हणजे ही बेरीज तिथे झाली नाही, इथे झाली, तुम्ही परत आल्यावर. आणि परत आल्यावर डिस्क आणि कार्डं एकाच घरात होती."

बाहेर तलावावर एक मोटरबोट गेली. तिची रेघ विरेपर्यंत गिरीश तिकडे बघत राहिले. मग बोलू लागले ते हळू, समजुतीच्या सुरात. डॉक्टरांनी त्यांना डाइव्हिंग बंद करायला सांगितलंय. ती शेवटची ट्रिप होती. वीस वर्षं इथल्या अल्कायच्या किनाऱ्यापासून इझूपर्यंत बुड्या मारल्या, असा एक फोटो कधी मिळाला नाही. डिस्कवर दिसला आणि राहवलं नाही. ऋता तरुण आहे, ती असे शंभर काढेल. ते उद्या सकाळी तक्रार मागे घेतील, गैरसमज झाला होता असं लिहून देतील, विषय संपला.

"गैरसमज कुणाचा?"

"वहिनी, शब्दांत काय आहे."

"सगळं शब्दांतच आहे. तुमच्या शब्दांवरच समिती बसलीय." काकूंनी कप खाली ठेवला. "फोटो ठेवून घेतलात ती चोरी झाली, मोह झाला म्हणून सोडूनही दिली असती. पण तिनं नम्रपणे विचारल्यावर तुम्ही तिलाच चोर ठरवलंत. त्या पत्रानं तिचं शिक्षण जाईल, तिला परत जावं लागेल, हे तुम्हाला कळत होतं. तीन वर्षं तुमच्या पाया पडते ती दिवाळीला. 'आपल्यात कसलं आलंय तुझं-माझं' म्हणालात ना? मग शेवटी सगळं तुमचंच कसं झालं?"

गिरीश म्हणाले, की मंडळात त्यांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही. अनिल असता तर त्यानं समजून घेतलं असतं.

"अनिल असता तर इथे तो बसला असता, आणि मी गाडीत. लॅपटॉप उघडा, गिरीश."

तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी भाऊजी म्हटलं नाही. गिरीशना ते ऐकू आलं, कारण त्यांनी पुढे वाद घातला नाही. पहिल्या मसुद्यात 'अनवधानानं' होतं. काकूंनी ते खोडायला लावलं. दुसऱ्यात 'फाइलची वेळ बदलली गेली' होतं. कुणी बदलली, त्यांनी विचारलं. तिसऱ्या मसुद्यात एकच वाक्य महत्त्वाचं होतं: हे छायाचित्र ऋतानं काढलं आहे, आणि त्याची वेळ मी बदलली. पत्र समितीला गेलं, स्पर्धेच्या आयोजकांना गेलं. काकूंनी फोनवर ऋताला विचारलं, की तुला प्रत मिळाली का. मिळाली म्हटल्यावरच त्या उठल्या.

शुक्रवारी समितीला सात मिनिटं लागली. पुलावरून परतताना ऋता गाडी चालवत होती आणि पहिल्यांदाच त्या माशाबद्दल बोलत होती, तो कपारीतून दोनदा बाहेर आला, तिच्या दिव्याकडे पाहून पुन्हा आत गेला. तेवढ्यात काकूंच्या फोनवर संजीव आला. त्याला बातमी कळली होती. आवाजात मोठी सुटका होती.

"मिटलं ना सगळं? बरं झालं, वसुधाताई."

"मिटलं नाही, संजीव. सिद्ध झालं." काकूंनी मांडीवरची वही उघडली. टेकड्यांमधली बोट, दोन ओळी, खालची सही. "तुमची वही उद्या आणून देते. सहा मार्चच्या पानावर तुमच्या बडीची सही आहे, ती एकदा बघून घ्या. त्या दिवशी तिनं तुम्हाला पाण्यात एकटं सोडलं नव्हतं."

 काकूंनी फोन ठेवला नाही. संजीव काय म्हणतो, यासाठी त्या थांबून राहिल्या.